पंख्याची दोरी

केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभे राहणे हा आमच्या भागातल्या माणसाच्या आयुष्याचाच एक भाग आहे. तेरेखोल हे गाव गोव्याचे. पण नदी त्याला बाकीच्या गोव्यापासून तोडते आणि जमीन त्याला महाराष्ट्राशी जोडते. गोव्यातून गोव्यातच जायचे तर सिंधुदुर्गातून आरोंद्याच्या बाजूने वळसा घ्यावा, नाही तर नदीकाठी उभे राहून फेरीबोटीची वाट पाहावी. दोन भाषा, दोन राज्ये आणि मध्ये एक नदी असा हा संसार आम्ही वर्षानुवर्षे चालवीत आहोत.

गेल्या मे महिन्यात असाच धक्क्यावर उभा होतो. वैशाखातली तिन्हीसांजेची वेळ, अंगाची नुसती तलखी होत होती, सदरा पाठीला चिकटलेला. तेवढ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. बी.कॉम. होऊन पणजीच्या बाजूला एका कार्यालयात हिशेबनीस म्हणून ती लागली आहे. बोलता बोलता तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या वस्तूकडे माझे लक्ष गेले. तो लोकरीचा स्वेटर होता.

"काय गो, बरं नाही की काय?" मी विचारले.

"नाय सर," ती म्हणाली, "हापिसात थंडी लागता."

मला हसू आले. ज्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या कुणी स्वेटर शिवला नाही की विकत घेतला नाही, त्या मुलुखातली मुलगी भर वैशाखात स्वेटर घेऊन नोकरीला जाते! पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. दुपारनंतर बोटे आखडतात, डोके जड होते, संध्याकाळी बाहेर पडले की एकदम भट्टीत शिरल्यासारखे वाटते, असे तिने सांगितले. "मग सांगत का नाहीस कुणाला?" असे विचारले, तर म्हणाली, "सायबाक गरम जाता."

फेरीबोट आली, आम्ही पलीकडे उतरलो, ती घरी गेली. तिचे ते तीन शब्द मात्र माझ्या मनातून गेले नाहीत. इतिहास शिकविणाऱ्या माणसाची खोड अशी, की आजच्या गोष्टीला काल काय होते हे त्याला पाहावेसे वाटते. कचेरीतला गारवा कुठून आला, तो कुणासाठी आला आणि त्याची दोरी कुणाच्या हाती राहिली, याचा शोध घेता घेता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

किल्ला आणि खारे वारे

तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी बांधला. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्क्विस ऑफ अलोर्ना याने तो घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने या किल्ल्यावर तिरंगा फडकविला, ही गोष्ट आमच्या भागातल्या मुलांना पाठ असते. पुढे या किल्ल्याचे हॉटेल झाले. पण आपण त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू.

किल्ला म्हणजे केवळ लढाईची जागा नव्हे. तिथे शिबंदी राहते, हिशेब लिहिले जातात, हुकूम निघतात. म्हणजे एका अर्थी ती कचेरीच असते. या कचेरीच्या भिंती जाड जांभ्या चिऱ्यांच्या आहेत. जाड भिंतीचा गुण असा, की दिवसभर ऊन पडले तरी उष्णता आत पोहोचायला फार वेळ लागतो. ती पोहोचेपर्यंत सूर्य मावळतीला गेलेला असतो. दुसरे साधन समुद्राचे. भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, तो खारा. रात्री उलटे घडते, तो मतलई. नदीच्या मुखाशी, टेकाडावर, पश्चिमेला तोंड करून बांधलेल्या किल्ल्याला दुपारी हा खारा वारा फुकट मिळतो.

आपल्या जुन्या घरांतही हीच युक्ती आहे. पुढे ओटा आणि पडवी, त्यामुळे ऊन भिंतीला थेट भिडत नाही. मध्ये राजांगण, त्यातून तापलेली हवा वर निघून जाते. शेणाने सारवलेली जमीन आणि वर नळ्यांचे उतरते छप्पर. पोर्तुगीज वळणाच्या घरांत खिडक्यांना शिंपल्यांचे पातळ पापुद्रे बसवीत. त्यातून उजेड येई, पण उन्हाची तिरीप येत नसे. हे सारे बांधणारे गवंडी आणि सुतार शास्त्र शिकलेले नव्हते. पण वारा कुठून येतो हे त्यांना ठाऊक होते.

मुख्य म्हणजे या व्यवस्थेत मालक आणि कारकून यांच्या वाट्याला येणारा वारा एकच असे. खिडकी उघडायची की लावायची, पडवीत बसायचे की ओटीवर, अंगरखा काढून ठेवायचा की नाही, एवढे थोडेसे स्वातंत्र्य प्रत्येकाला होते. या थोड्याशा स्वातंत्र्याची किंमत पुढे कळेल.

दोरी ओढणारा

राज्यकर्ते परके आले तेव्हा कचेरीही बदलली. त्यांच्या अंगावर कोट होता, गळ्याला पट्टी होती आणि हवा मात्र आपलीच होती. यावर त्यांनी काढलेला पहिला तोडगा म्हणजे कचेरीच उचलून दुसरीकडे नेणे. पोर्तुगिजांनी रोगट हवेला कंटाळून जुने गोवे सोडले आणि १७५९ साली व्हाइसरॉय पणजीला आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला. इंग्रजांनी तर हे दरसालचेच करून टाकले. १८६४ पासून हिंदुस्थान सरकार उन्हाळा आला की सिमल्याला जाई. मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास मुक्काम हलवी. दप्तरे, कारकून, शिपाई सगळा लवाजमा घाट चढे.

दुसरा तोडगा वाळ्याच्या ताट्यांचा. दारावर वाळ्याची ताटी बांधायची आणि तिच्यावर पाणी शिंपडीत राहायचे. पाण्याची वाफ होताना ती भोवतालची उष्णता घेते, म्हणून ताटीतून येणारी हवा गार लागते. पण ही युक्ती नागपूर-वऱ्हाडच्या कोरड्या हवेतली. आपल्या किनाऱ्यावर हवा आधीच पाण्याने भरलेली. तीत आणखी वाफ मावत नाही. म्हणून विदर्भात घरोघरी कूलर दिसतो आणि कोकण-गोव्यात तो निरुपयोगी ठरतो. घामाचेही तसेच. घाम वाळला तरच शरीर गार होते, नुसता ओघळला तर कपडे तेवढे भिजतात. किनाऱ्यावर घाम वाळवायचा तर हवा हलती हवी.

म्हणून तिसरा तोडगा, पंखा. छताला लाकडी चौकट टांगायची, तिला कापडाची झालर, चौकटीला दोरी, दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर आणि बाहेर व्हरांड्यात बसलेला एक माणूस ती दिवसभर ओढीत राहणार. आत न्यायाधीश, कलेक्टर, हिशेबनीस, बाहेर पंखावाला. पुष्कळदा तो दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून आडवा होई आणि पाय हलवीत राही. त्याला डुलकी लागली की वारा थांबे आणि आतून शिवी येई, कधी लाथही.

या चित्राकडे नीट पाहावे. गारवा आत आहे आणि तो उत्पन्न करणारा बाहेर उकाड्यात आहे. पंख्याचा वारा त्याच्या अंगाला लागत नाही. कचेरीतल्या कामगाराच्या सुखसोयीचा इतिहास लिहायचा तर त्याची सुरुवात या भिंतीतल्या भोकापासून करावी लागेल. एकाच खोलीच्या आतल्या आणि बाहेरच्या माणसाचे हवामान इथे पहिल्यांदा वेगळे झाले.

कागदासाठी, सुतासाठी

आता विजेच्या युगात येऊ. वातानुकूलन यंत्र माणसाला गार वाटावे म्हणून शोधले गेले, असा आपला समज असतो. तो खरा नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यात मोठी अडचण होती. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकामागून एक रंग छापावे लागतात. उन्हाळ्यातल्या दमट हवेत कागद फुगे, कोरड्या दिवशी आक्रसे, आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नसे. ही अडचण आपल्या दिवाळी अंकांच्या छापखानेवाल्यांना सांगायला नको; लांबलेल्या पावसात मुखपृष्ठ छापताना त्यांनी ती भोगलेली असते. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने यावर उपाय म्हणून थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातले पाणी काढून घेणारी व्यवस्था आखली. आजच्या वातानुकूलनाचा आरंभ तिथे मानतात. ते झाले कागदासाठी.

यंत्राच्या पोटात काय घडते तेही सांगतो, कारण मुले विचारतात. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तेच यंत्रातल्या थंड नळ्यांवर होते. हवेतली वाफ तिथे पाणी होऊन नळीने बाहेर पडते. खोलीतली उष्णता नळ्यांतला वायू घेऊन जातो आणि बाहेरच्या पेटीतून ती रस्त्यावर टाकतो. उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते.

'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रॅमर या अमेरिकन अभियंत्याने काढला, तोही कापडगिरणीच्या संदर्भात. हवा कोरडी असली की सूत तुटते, म्हणून गिरणीतली हवा मुद्दाम दमट ठेवायची, हे त्याचे काम. इथे आपल्या माणसांचा संबंध येतो. पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासकट, आणि आमच्या पेडण्याकडूनही किती माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली! साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद आणि हवेत पाण्याचा फवारा. आधीच मुंबईचा उकाडा, त्यात ही मुद्दाम केलेली दमट हवा. घाम वाळायला वाव नाही. गिरणीतून आलेला माणूस सदरा पिळून काढी, असे आमच्या लहानपणी म्हातारी माणसे सांगत. सुताच्या सुखासाठी माणसाने भिजायचे, असा तो हिशेब होता. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात हवा खेळती ठेवणे व तापमान यांसाठी तेरावे कलम आणि कृत्रिम दमटपणासाठी पंधरावे कलम आले, ते या अनुभवातूनच.

माणसाच्या वाट्याला यंत्राचा गारवा आला तो आधी करमणुकीच्या निमित्ताने. मुंबईत १९३३ साली उघडलेले रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होते. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील मायलम बिल्डिंग ही १९२८ ची इमारत संपूर्ण वातानुकूलित अशा उंच कार्यालयीन इमारतींत पहिली समजली जाते. आपल्याकडे १९४३ साली ब्लू स्टार आणि १९५४ साली व्होल्टास या कंपन्या निघाल्या आणि बड्या साहेबांच्या खोल्यांच्या खिडक्यांत यंत्रे दिसू लागली. साध्या कारकुनाच्या खोलीत मात्र यंत्र आले ते संगणकाबरोबर. संगणकाला धूळ आणि उष्णता सोसत नाही, म्हणून त्याच्यासाठी बंद, गार खोली. आमच्या शाळेत पहिले संगणक आले तेव्हा तसेच झाले. मुले उकाड्यात वर्गात आणि संगणक गार खोलीत. आत जायचे तर चपला बाहेर काढायच्या. देवळात जावे तसे आम्ही त्या खोलीत जात असू आणि मधल्या सुट्टीत दोन मिनिटे गारव्याला उभे राहून येत असू. तो गारवा आमच्यासाठी नव्हता, आम्ही तो चोरून घेत होतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या मोडत गेल्या आणि लोअर परळसारख्या भागात गिरण्यांच्या जमिनींवर काचेच्या उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. ज्या जागी आजोबा सुतासाठी घामाने भिजले, त्याच जागी आज कुणाची तरी नात गारठून बसली असेल. खिडकी तेव्हाही उघडता येत नव्हती, आजही येत नाही.

एका कोटाचे गणित

मग किती गारवा माणसाला पुरे, हे ठरविले कुणी? विसाव्या शतकात याचे शास्त्रच तयार झाले. लिओनार्ड हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास 'काटा' नावाचा तापमापक केला. हा काटा घड्याळाचा नव्हे. 'खाली' या अर्थाचा तो ग्रीक शब्द आहे. तापमापक तापवून हवेत धरायचा आणि तो शंभर अंश फॅरनहाइटवरून पंच्याण्णववर यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. म्हणजे हवा किती तापली आहे यापेक्षा ती अंगातली उष्णता किती वेगाने नेते, हे पाहायचे. विचार शहाणपणाचा होता. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. ती नीट निघून गेली तर बरे वाटते, अडली तर उकडते, फार वेगाने गेली तर हीव भरते.

ही उष्णता जाणे सहा गोष्टींवर अवलंबून असते. हवेचे तापमान, भिंती-छपराची धग, हवेतला दमटपणा, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि हातातले काम. पैकी कपडे मोजायला १९४१ साली अमेरिकेत 'क्लो' नावाचे एकक ठरले. एक क्लो म्हणजे काय? २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल एवढे कपडे. थोडक्यात, साहेबी कोट-पाटलोणीचा एक जोड. आपण मीटर, किलो, लिटर जसे गृहीत धरतो तसा इथे कोट गृहीत धरला गेला.

पुढे डेन्मार्कचे प्राध्यापक पोवल ओले फँगर यांनी १९७० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या सहा गोष्टी दिल्या की सरासरी माणसाला गार वाटेल की गरम, हे सांगणारे समीकरण त्यांनी मांडले. काम थोर आहे, यात शंका नाही. किती जरी नीट जमविले तरी शंभरात निदान पाच माणसे असमाधानी राहणारच, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले. परंतु त्यामागचे प्रयोग डेन्मार्कच्या आणि अमेरिकेच्या मंडळींवर, मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, नियंत्रित खोल्यांत झाले होते. आमच्या आरोंद्याचा किंवा केरीचा माणूस त्यात कुठून असणार?

आणि बाई? २०१५ साली नेदरलँड्समधील बोरिस किंग्मा आणि वाउटर फान मार्केन लिख्टेनबेल्ट या दोघा संशोधकांनी दाखवून दिले, की कार्यालयांच्या तापमानाच्या हिशेबात माणसाच्या अंगची जी उष्णता धरली जाते ती सरासरी पुरुषाची आहे. बसून काम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तो आकडा पस्तीस टक्क्यांपर्यंत जास्त धरला जाऊ शकतो. म्हणजे यंत्र समजते की खोलीत अधिक उष्णता तयार होते आहे आणि ते त्या मानाने गारवा सोडते. त्या मुलीच्या पिशवीतल्या स्वेटरचे मूळ मला इथे सापडले. ती नाजूक नव्हती, तिची खोड नव्हती. हिशेबच दुसऱ्याच्या अंगाचा होता. हिशेबनीस मुलीला दुसऱ्याच्या चुकीच्या हिशेबाचा भुर्दंड पडत होता!

रुडकी ते चेन्नई

आपल्या देशाने मात्र या शास्त्राला एक मोलाची गोष्ट दिली आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. रुडकी येथे केलेल्या पाहणीतली आणि इराकमधील बगदादमधली निरीक्षणे फर्गस निकोल या ब्रिटिश संशोधकाने १९७४ साली तपासली. पंख्याखाली बसून रोजचे काम करणारी तिथली माणसे तिशीच्या पुढच्या तापमानातही पुष्कळदा समाधानी होती. युरोपच्या गणिताप्रमाणे त्यांनी तक्रार करायला हवी होती; ती करीत नव्हती. कारण माणूस काही तापमापक नव्हे. तो खिडकी उघडतो, पंखा वाढवितो, सुती कपडे घालतो, पाणी पितो, जागा बदलतो आणि ऋतूप्रमाणे त्याचे शरीर व अपेक्षा दोन्ही बदलतात. निकोल आणि मायकेल हंफ्रीज यांनी पुढे रुजविलेल्या जुळवून घेण्याच्या सिद्धांताला अशा निरीक्षणांचा आधार मिळाला. १९८६ साली रुडकीच्याच केंद्रीय इमारत संशोधन संस्थेतील शर्मा आणि अली यांनी आपल्या उन्हाळ्यासाठी स्वतंत्र निर्देशांक मांडला.

त्यानंतर माधवी इंद्रगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद आणि चेन्नईच्या कार्यालयांत पाहणी केली. वातानुकूलित खोल्यांत सुखकर तापमान सव्वीस अंशांच्या आसपास आणि उघड्या खिडक्यांच्या कार्यालयांत अठ्ठावीसच्या आसपास निघाले. साडीचे मापही त्यांनी क्लोमध्ये काढले. पदर कसा घेतला, नेसण कोणती, यावर साडीची ऊब बदलते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. आता ते शास्त्राच्या वहीत नोंदले गेले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतील सोळा कार्यालयीन इमारतींत ६,३३० उत्तरे गोळा केली. बाहेरचे महिन्याचे सरासरी तापमान जसे वाढते तसे, मोकळ्या हवेच्या कार्यालयांत, माणसाला सुखकर वाटणारे तापमानही १९.६ पासून २८.५ अंशांपर्यंत सरकते, असे त्यांना आढळले. सिमल्याचा जानेवारी आणि चेन्नईचा मे यांना एकच आकडा लावणे म्हणजे सगळ्या वर्गाला एकाच मापाची चप्पल देणे.

सरकारच्याही हे ध्यानात आले. २०१८ च्या जून महिन्यात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने मोठ्या इमारतींना २४ अंश ही मर्यादा सुचविली. बहुतेक ठिकाणी यंत्रे १८ ते २१ अंशांवर ठेवतात आणि मग माणसांना स्वेटर-घोंगडी घ्यावी लागते, असे त्या वेळी सरकारनेच म्हटले होते. एक अंश वाढविला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचा हिशेब आहे. २०२० पासून तारांकित घरगुती यंत्रे सुरू करताच २४ अंशांवर यावीत असा नियम झाला. जपानने याआधीच, २००५ साली, कार्यालयांत उन्हाळ्यात २८ अंश ठेवून कोट आणि टाय उतरवून ठेवण्याची मोहीम काढली. म्हणजे साहेबाचा कोट उतरला की कारकुनाचा स्वेटरही उतरतो, हे जपानने ओळखले.

यंत्राची मागची बाजू

इथपर्यंत लिहून हा लेख संपवावा, असे मनात होते. पण लिहिताना एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय लेखणी ठेवली तर विद्यार्थ्यांना सत्य लिहायला सांगण्याचा अधिकार मला राहणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकाच्या खोलीत, म्हणजे माझ्याच, वातानुकूलन यंत्र बसले. पालकांच्या भेटी, कागदपत्रे, संगणक अशी कारणे होती आणि ती खोटीही नव्हती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एके दिवशी दुपारी हाच लेख लिहीत बसलो होतो. पंखावाल्याचा मजकूर चालला होता. भिंतीतल्या भोकातून दोरी बाहेर जाते, असे लिहिले आणि सहज मान वर केली. माझ्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून यंत्राची नळी बाहेर गेली होती. मी उठून बाहेर गेलो.

बाहेर व्हरांड्यात आमचे शिपाईकाका स्टुलावर बसले होते. यंत्राची बाहेरची पेटी त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. माझ्या खोलीतली सगळी उष्णता ती त्यांच्या अंगावर ओतीत होती. हात धरून पाहिला, तर चुलीपुढे धरावा तशी धग. त्यांची जागा दारापाशी, कारण घंटा मारायची आणि माझी हाक ऐकायची. दोन वर्षे हा माणूस तिथे बसत होता.

"काका, कधी बोलला नाही ते?" मी विचारले.

"तुमची मशीन सर," ते म्हणाले, "आम्ही काय बोलायचं?"

त्या मुलीने फेरीच्या धक्क्यावर दिलेले उत्तर आणि हे उत्तर यांत मला फरक दिसला नाही. एकीला गारठा सोसायचा होता, एकाला धग. दोघांच्याही हाती दोरी नव्हती. तिच्या साहेबाविषयी मनात जो राग धरून मी हा लेख लिहायला बसलो होतो, तो साहेब मीच होतो.

त्या आठवड्यात पेटी व्हरांड्यातून काढून मागच्या माडांच्या बाजूला लावून घेतली. खर्च शाळेवर टाकला नाही. खोलीच्या पश्चिमेकडची खिडकी, जी यंत्र आल्यापासून खिळे ठोकून बंद केली होती, ती पुन्हा उघडली आणि पंखा दुरुस्त करून घेतला. आता दुपारी खारे वारे सुटले की यंत्र बंद असते. पावसाळ्यापूर्वीच्या त्या चार-सहा आठवड्यांत, जेव्हा पानही हलत नाही, तेव्हा ते सव्वीसवर चालते. काकांचा स्टूल दाराच्या आत आला आहे. प्रथम ते अवघडून बसत. आता वर्तमानपत्र वाचतात आणि कधीकधी माझ्याआधीच पंखा बंद करतात.

वातानुकूलन वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. रुग्णालयात, लस ठेवण्याच्या जागी, उन्हाच्या लाटेत ते जीव वाचवते. भारत सरकारने २०१९ साली शीतलनाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात सर्वांना उष्णतेपासून पुरेसा दिलासा मिळावा, असा विचार आहे आणि तो योग्यच आहे. आमच्या पेडण्यातही दिवस बदलत आहेत. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागलेल्या मोपाच्या पठारावर, घरात कधी यंत्र न पाहिलेली मुले-मुली बंद, गार इमारतींत कामाला जाऊ लागली आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की गार वाटणे किंवा गरम होणे ही काही लाजेची गोष्ट नाही. ती सांगावी, एकट्याने सांगवत नसेल तर चौघांनी मिळून सांगावी. आणि ज्यांच्या हाती यंत्राची कळ आहे, त्यांनी अधूनमधून उठून भिंतीच्या पलीकडे जाऊन पाहावे.

गणेश चतुर्थीच्या सुट्टीत ती मुलगी पुन्हा फेरीबोटीवर भेटली. त्या सगळ्याजणींनी मिळून एक अर्ज दिला होता. साहेबांनी प्रथम कपाळाला आठ्या घातल्या, मग यंत्र एकवीसवरून चोवीसवर आणले आणि टेबलांवर थेट येणारा झोत वळवून घेतला. "अजून थोडी लागता, पण चलता," ती म्हणाली.

पिशवीत स्वेटर होता का, हे मी विचारले नाही. नदीला भरती होती, समोर किल्ला दिसत होता आणि खारा वारा सुटला होता. तिने डोक्यावरची ओढणी काढून हातात घेतली आणि आम्ही दोघे पलीकडचा धक्का येईपर्यंत कठड्याशी उभे राहिलो.